हॉल्डेनचा ससा आणि आपल्या माळावरची टिटवी

दहावीचं विज्ञान भाग २ चं पुस्तक आठवतंय? पहिलाच धडा, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तुमच्या शाळेत तो कसा शिकवला माहीत नाही. करमाळ्यात आमच्या वर्गात तो दोन तासांत उरकला. सरांनी पुराव्यांची यादी फळ्यावर लिहून दिली, महत्त्वाच्या प्रश्नांवर खुणा करायला लावल्या आणि जाता जाता सांगितलं की पेपरात आलं तर लिहा, मार्क सोडू नका, पण माकडाचा माणूस होताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. वर्ग हसला. मीही हसले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की मग पुस्तकात छापलंय कशाला, आणि तेवढ्यात घंटा झाली.

सरांना एकट्याला दोष द्यायचा नाही. काही महिने आधीच, जानेवारी २०१८ मध्ये, शिक्षण खात्याचे तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) साधारण हेच सांगितलं होतं. डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस झालेला पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा तो शाळेत शिकवू नये, असा त्यांचा मुद्दा. देशातल्या तीन मोठ्या विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन त्याला विरोध केला आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही असं बोलणं टाळायला सांगितलं. पण २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. तेव्हा १,८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या.

आता खरं सांगते, कुणी पाहिलंय का, हा प्रश्न वाईट नाही. मास कॉमला पहिल्याच सेमिस्टरला आम्हाला तोच शिकवतात. बघणारा कोण, कागद कुठाय, आकडा कुठून आला. प्रश्न विचारून हसून मोकळं व्हायचं की उत्तर शोधायला बसायचं, एवढाच फरक. आणि हा प्रश्न घेऊन आयुष्यभर बसलेला एक माणूस होता. बारावीला बायोलॉजी घेतलेल्यांना त्याचं नाव अर्धंच माहीत असतं, ओपॅरिनच्या नावाला चिकटलेलं. ओपॅरिन-हॉल्डेन. त्यातला हा हॉल्डेन. पूर्ण नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन, सगळे जेबीएस म्हणायचे. जन्म ५ नोव्हेंबर १८९२, इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड. मृत्यू १ डिसेंबर १९६४, भुवनेश्वर. हो, ओडिशातलंच भुवनेश्वर. आणि मेला तेव्हा तो भारताचा नागरिक होता.

वडील शरीरशास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत माणसं कुठल्या वायूने मरतात हे शोधायचं त्यांचं काम, आणि ते प्रयोग स्वतःवर करायचे. पोरालाही सोडलं नाही. एकदा खाणीत खाली नेलं आणि एका बुटक्या बोगद्यात त्याला उभं करून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण पाठ म्हणायला लावलं. म्हणता म्हणता पोराचे पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडल्यावर मात्र श्वास नीट चालू झाला. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताशी साठतो, खालची हवा ठीक असते. हे वडिलांना तोंडी सांगता आलं असतं, पण मग ते पोराच्या लक्षात राहिलं असतं का? (आजच्या पालकांनी हा प्रयोग करू नये हे वेगळं सांगायला नको.)

बहीण नेओमी, पुढे मोठी कादंबरीकार झाली. दोघा भावंडांनी घरी गिनीपिग आणि उंदीर पाळले, त्यांच्या पिलांचे रंग लिहून ठेवले. त्यातून उंदरांमधल्या आनुवंशिकतेवर १९१५ मध्ये एक शोधनिबंध निघाला. तिसरा लेखक त्यांचा मित्र होता, पण छापून येण्याआधीच तो पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. जेबीएस स्वतः आघाडीवर होता. आधी फ्रान्समध्ये जखमी, मग मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये जखमी, आणि तिथून बरा व्हायला थेट भारतात. या देशाशी त्याची पहिली ओळख ही अशी.

आता गंमत बघा. त्याची ऑक्सफर्डची पदवी विज्ञानाची नव्हतीच. आधी गणित, मग ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान. विज्ञानाची एकही डिग्री नसलेला हा माणूस पुढे केंब्रिजला जीवरसायन शिकवायला लागला आणि नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आनुवंशिकतेचा प्राध्यापक झाला. तुमच्यापैकी कुणाला बारावीनंतर साइड बदलल्याबद्दल घरी बोलणी बसली असतील तर हे दाखवा.

पण मुद्द्याचं काम गणितानेच झालं. डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं १८५९ मध्ये. डार्विनने सांगितलं की जीवांमध्ये थोडे थोडे फरक असतात, ज्याचा फरक परिस्थितीला जुळतो त्याची पिलं जास्त जगतात आणि असं होत होत जातच बदलते. पण किती पिढ्यांत? फायदा किती असला की किती वेळ लागेल? हिशोब नव्हता. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की इतक्या बारीक फरकाने काही होत नाही, झालंच तर काळ पुरणार नाही. हॉल्डेनने १९२४ पासून नैसर्गिक निवडीच्या गणितावर एकामागून एक निबंध लिहिले. इंग्लंडमधला रोनाल्ड फिशर आणि अमेरिकेतला सेवॉल राइट हेही तेच करत होते. या तिघांनी मिळून डार्विनची गोष्ट आकड्यांत बसवली.

त्यातलं पतंगाचं गणित तर आठवीच्या पोरालाही कळेल. इंग्लंडमध्ये एक पांढरट पतंग आहे, अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. कारखाने वाढले, झाडांची खोडं धुराने काळी झाली. १८४८ च्या सुमारास मँचेस्टरला या जातीतला काळा पतंग पहिल्यांदा नोंदवला गेला, तेव्हा तो अगदी दुर्मिळ. शतक संपेपर्यंत तिथे जवळजवळ सगळे काळेच. वर्षाला एक पिढी, म्हणजे जेमतेम पन्नास पिढ्या. एवढ्यात हे व्हायचं तर काळ्याला फायदा किती हवा? हॉल्डेनने मांडून दाखवलं की पांढऱ्याची दोन पिलं टिकत असतील तेव्हा काळ्याची तीन टिकायला हवीत. दीडपट. हे त्याने टेबलाशी बसून काढलं, जंगलात न जाता.

पक्षी पांढऱ्यांना खरंच जास्त टिपतात का, हे पुढे १९५० च्या दशकात बर्नार्ड केटलवेलने झाडांवर पतंग सोडून तपासलं. त्याच्या पद्धतीत खोट होती अशी टीका नंतर झाली. टीका रास्तच होती, आणि उत्क्रांती न मानणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. मग केंब्रिजच्या मायकेल मजेरसने स्वतःच्या बागेत सहा वर्षं ४,८६४ पतंग सोडून, पक्षी कुठला पतंग खातात ते बसून पाहिलं. निष्कर्ष तोच निघाला. मधल्या काळात इंग्लंडची हवा स्वच्छ झाली आणि पांढरे पतंग पुन्हा वाढले, म्हणजे गाडी उलटी फिरलेलीही लोकांनी पाहिली. सरांना आता भेटले तर हे सांगेन. माकडाचं नाही, पण पतंगाचं पाहिलंय.

माकडाचंही एक सांगून टाकते, कारण तो व्हॉट्सॲपवरचा लाडका प्रश्न आहे. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी? अहो, तुमचा चुलत भाऊ तुमच्यापासून झाला का? दोघांचे आजोबा एक. आजची माकडं आपली आजोबा नाहीत, भाऊबंद आहेत. आणि पाठीच्या कण्याच्या टोकाला जे हाड असतं, जे घसरून पडल्यावर आठवतं, त्याला मराठीत काय म्हणतात? माकडहाड. शेपूट नाही, पण ती जिथून निघायची तो बुंधा आपण सगळे घेऊन फिरतोय.

तर आता त्या वादाकडे येऊ, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. समोरचा माणूस होता डग्लस ड्यूअर. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी, भारतातल्या पक्ष्यांवर भरपूर पुस्तकं लिहिलेला. एका पुस्तकाचं नावच ‘बॉम्बे डक्स’, म्हणजे बोंबील, आत मात्र आपल्याकडचे रोजचे पक्षी आणि प्राणी. तरुणपणी ड्यूअर उत्क्रांती मानणारा होता. नंतर त्याचं मत फिरलं, आणि १९३२ मध्ये उत्क्रांतीला विरोध करणारी जी संस्था इंग्लंडमध्ये निघाली तिच्या संस्थापकांत तो होता. त्याचं म्हणणं साधारण असं की जीव वेगवेगळे निर्माण केले गेले आहेत. छोटे फरक होतात, पण एका प्रकारातून दुसरा प्रकार होत नाही. मधले दुवे दाखवा. जमिनीवरच्या प्राण्याचा देवमासा झाला म्हणता ना? मग अर्धा चालणारा, अर्धा पोहणारा प्राणी दाखवा. असा प्राणी जगूच शकणार नाही, हा त्याचा आवडता मुद्दा होता.

ड्यूअर, त्याच्या बाजूने लष्करातला निवृत्त अधिकारी आणि जीवाश्मांचा अभ्यासक मर्सन डेव्हिस, आणि समोर एकटा हॉल्डेन, अशी पत्रांतून वादावादी झाली. ती १९४९ मध्ये ‘इज इव्होल्यूशन अ मिथ?’ नावाने पुस्तकरूपात आली. मला यात आवडलेली गोष्ट सांगू? हॉल्डेन नास्तिक होता, तिरकस बोलण्यासाठी प्रसिद्ध होता, समोरच्याला एका वाक्यात उडवून लावणं त्याला सहज जमलं असतं. पण तो वादाला बसला. आजही बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं की अशा लोकांशी बोलून त्यांना मोठं करू नये. त्यांचंही चुकत नाही. पण ज्याला खरंच शंका आहे त्या पोरीचं काय, जिचा प्रश्न घंटेत बुडाला?

हॉल्डेनच्या नावावर एक किस्सा सांगतात. उत्क्रांती खोटी ठरवायला काय लागेल, असं कुणीतरी विचारलं. त्याने म्हणे उत्तर दिलं की फार जुन्या, कँब्रियनच्याही आधीच्या खडकात एक ससा सापडला तरी पुरे. म्हणजे ज्या काळात मासेसुद्धा नव्हते त्या थरात सस्तन प्राणी. शब्द नेमके काय होते ते सोडा, पण विचार पक्का त्याचाच. मी काय म्हणतोय ते कशाने खोटं ठरेल, हे आधीच सांगून ठेवायचं. जगभर शेकडो वर्षं खडक फोडले जातायत, तो ससा अजून सापडलेला नाही.

आपल्या करमाळ्यात तर तो सापडणारच नाही, कारण आपला खडक म्हणजे लाव्हा. कमलाभवानीच्या देवळाजवळ ९६ पायऱ्यांची विहीर आहे ना, तिच्या आजूबाजूचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वितळलेला वाहत होता. त्यात कुठला प्राणी टिकणार! पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये जिथे तळी साचली, किंवा लाव्हा यायच्या आधीचा गाळ जिथे उघडा आहे, तिथे जीवाश्म मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा हे त्यासाठी जगप्रसिद्ध गाव. तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं जाहीर केलं. तोपर्यंत सगळे मानून चालले होते की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. मग काय केलं? पुरावा दडपला नाही, पुस्तकं बदलली. पिसदुऱ्याचं गवत हा काही हॉल्डेनचा ससा नव्हे, त्याने फक्त गवताचा जन्म मागे सरकला. पण कागद समोर आला की आपलं म्हणणं दुरुस्त करायचं, हे विदर्भातल्या शेणाच्या गोळ्यावरून दिसलं.

आणि ड्यूअरचा देवमासा? त्याची गोष्ट तर आपल्याच उपखंडात उलगडली. पाकिस्तानात १९८० नंतर पाकिसेटस सापडला, मग अँब्युलोसेटस, म्हणजे चालणारा आणि पोहणारा देवमासा. कच्छच्या खडकांतून तर १९७० पासूनच जुन्या देवमाशांची हाडं निघत होती. सगळ्यात भारी किस्सा काश्मीरचा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी राजौरीजवळच्या कालाकोटहून दगड गोळा करून घरी ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते अमेरिकेतल्या हान्स थेविसन यांना अभ्यासाला दिले. प्रयोगशाळेत एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं जे हाड दिसलं ते फक्त देवमाशांच्या कुळात असतं तसं होतं. प्राणी मात्र हरणाच्या पिलाएवढा, चार पायांचा, खुरांचा. नाव इंडोह्यस. २००७ मध्ये ही बातमी जगभर गाजली. ड्यूअर १९५७ मध्ये वारला, हॉल्डेन १९६४ मध्ये. दोघांनाही हे कळलं नाही. ड्यूअरने मागितलेला पुरावा तो जिथे नोकरीला होता त्याच उपखंडातल्या जमिनीत पडून होता, हे मला सारखं आठवत राहतं.

थोडं मागे जाऊ. त्याच १९४९ मध्ये हॉल्डेनने आणखी एक गोष्ट मांडली जी महाराष्ट्राच्या फार जवळची आहे. रक्ताचे काही आनुवंशिक आजार इतके घातक, तर नैसर्गिक निवडीने ते कधीच पुसून जायला हवे होते. मग भूमध्य समुद्राच्या आसपास थॅलेसेमिया इतका का? त्याने अंदाज केला की दोष एकाच पालकाकडून आला असेल तर तो मलेरियापासून वाचवत असणार. दोन्हीकडून आला तर मात्र आजार. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसनने आफ्रिकेत सिकलसेलबाबत हे दाखवून दिलं. आज नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांत सिकलसेलच्या तपासण्या चालतात, त्यामागचं कोडं हेच आहे. त्या घरांतल्या कुणाच्या पापाचा किंवा शापाचा त्यात संबंध नाही. ज्या जंगलात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे त्या जीनने कुणाला तरी वाचवलं होतं. उत्क्रांतीचा धडा गाळला की ही गोष्टही गळते.

आता जी गोष्ट लिहायला मला जड जातंय ती. हॉल्डेन कम्युनिस्ट होता, पक्षाचा सभासद, पक्षाच्या वर्तमानपत्रात नियमित लिहिणारा. सोव्हिएत रशियात तेव्हा त्रोफिम लायसेंको नावाच्या माणसाचं राज्य आलं होतं. त्याने जनुकशास्त्रच खोटं ठरवलं, आणि स्टॅलिनचा पाठिंबा असल्यामुळे वाद घालणारे शास्त्रज्ञ नोकरीतून गेले, तुरुंगात गेले. निकोलाय वाविलोव्ह हा जगातला मोठा वनस्पतीशास्त्रज्ञ. त्याच्याच निमंत्रणावरून हॉल्डेन १९२८ मध्ये रशियाला गेला होता. तो वाविलोव्ह १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेला. आणि ड्यूअरकडे पुरावा मागणारा हॉल्डेन लायसेंकोबद्दल मात्र बराच काळ सांभाळून बोलत राहिला. असेल त्यात काही तथ्य, बघू, अशा सुरात. १९४८ नंतर हळूहळू तो पक्षापासून लांब झाला, १९५० च्या आसपास बाहेर पडला. मोठा गाजावाजा न करता.

हे गाळून टाकता आलं असतं. माझ्या एका मैत्रिणीने सुचवलंही की गाळ, लोक म्हणतील बघा तुमचे शास्त्रज्ञ. पण मग मी तेच केलं असतं जे त्याने केलं. दुसऱ्याच्या देवघरात बॅटरी मारणं सोपं असतं. आपल्या बाजूच्या माणसाला कागद दाखव म्हणताना जीभ अडखळते. माझीसुद्धा अडखळते, घरी तर फारच.

१९५७ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, हॉल्डेनने लंडनची नोकरी सोडली आणि पत्नी हेलन स्परवेसह कोलकात्याला आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. सुएझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला, त्या देशात राहायचं नाही, असं एक कारण त्याने दिलं. दुसरं कारण असं की आयुष्यभर मोजे घातले, आता पुरे. दोन्ही खरी असावीत. धोतर-कुडता घालायला लागला, शाकाहारी झाला, १९६१ मध्ये नागरिकत्व घेतलं. संस्थेशी पटलं नाही तेव्हा बाहेर पडला आणि १९६२ मध्ये भुवनेश्वरला नवी प्रयोगशाळा उभारली.

इथल्या पोरांना त्याने जे सांगितलं ते आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्यांसाठी सोन्यासारखं आहे. महागडी यंत्रं नाहीत म्हणून रडू नका, दाराबाहेर जा आणि मोजा. एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या हजारो फुलांच्या पाकळ्या मोजल्या. एकाच झाडावर पाच पाकळ्यांची, सहाची, सातची फुलं किती, आणि हंगामात हे प्रमाण बदलतं का. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाची झाडं उजव्या वळणाची किती आणि डाव्या वळणाची किती ते मोजलं. कृष्णा द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या कुठल्या रंगाच्या फुलावर कुठलं फुलपाखरू बसतं त्याची नोंद ठेवली. हसू येतं ना? पण जीवांत फरक असतात आणि निवड त्या फरकांवर चालते, हे डार्विनचं अख्खं म्हणणं या मोजणीवर उभं आहे. आमच्या घराच्या दारात पारिजातक आहे. बावीस वर्षं आई ती फुलं देवाला वाहते, आणि पाकळ्या किती असतात हे आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नाही.

आजीला मी हॉल्डेनबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग बोटं मोडत मोजून दाखवलं. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला आणि जमिनीवरचा, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, मग वामन, मग पुढचे. तिच्या मते यात नवीन काय? दशावतारातला हा क्रम आणि उत्क्रांतीचा क्रम यांतलं साम्य हॉल्डेननेही दाखवलं होतं असं आपल्याकडे वारंवार सांगितलं जातं. साम्य आहेच, आणि मला ते सुंदरही वाटतं. पण मी आजीला विचारलं की समजा उद्या कासव माशाच्या आधीचं निघालं, तर तू दशावतार सोडशील का? ती म्हणाली की वेडी आहेस का, देव काय परीक्षेला बसलाय? मला वाटतं या वादावर याहून नेमकं उत्तर ना ड्यूअरकडे होतं ना मंत्र्यांकडे. तिचा देव पुराव्यावर उभा नाही, त्यामुळे पुराव्याने पडतही नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा कुणी त्याला विज्ञानाच्या तासाला आणून बसवतं आणि मग ससा, देवमासा, पतंग कशाचंच बंधन पाळत नाही.

आजोबांचं वेगळंच. ते म्हणाले की टिटवी अंडी उंचवट्यावर घालते त्या साली पाऊस जोरात, खोलगट जागी घातली की ओढ. आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, हेच सांगेल. आणि हे ऐकून मी दचकलेच, कारण भुवनेश्वरला हॉल्डेनच्या प्रयोगशाळेत नेमकं टिटवीच्या घरट्यांवरच काम झालं होतं. आपल्या माळावर पिवळ्या गालाची जी माळटिटवी दिसते, तीच. सुरेश जयकर आणि हेलन स्परवे उन्हात बसून बघत होते की ऐन कोरड्या दिवसांत, उघड्या तापलेल्या जमिनीवर घातलेली अंडी शिजत कशी नाहीत. टिटवी पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. आजोबांचं भाकीत, दशावतारासारखं नाही, मोजता येण्यासारखं आहे. आमच्या तालुक्यात ते मोजल्याचं मी ऐकलेलं नाही. करमाळ्याच्या आसपासच्या माळावर एप्रिल-मेमध्ये घरटी शोधायची, जागा उंच की खोल ते लिहायचं, आणि सप्टेंबरअखेर पावसाचा आकडा तहसीलमधून आणायचा. दहा-पंधरा वर्षं. आजोबा याला तयार आहेत, उलट त्यांना खात्री आहे की जिंकणार तेच.

हॉल्डेनला कर्करोग झाला. लंडनच्या इस्पितळात असताना त्याने स्वतःच्या आजारावर एक विनोदी कविता लिहून छापून आणली, आणि बीबीसीसाठी स्वतःचाच मृत्युलेख कॅमेऱ्यासमोर बोलून ठेवला. मग भुवनेश्वरला परतला. देह आंध्रातल्या काकिनाडाच्या रंगराया मेडिकल कॉलेजला द्यायचा, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. तसा तो दिला गेला. हेलन पुढेही भारतातच राहिली. जयकर आणि तिचा माळटिटवीवरचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, म्हणजे आपल्या मुंबईतून, १९६५ मध्ये छापून आला. हॉल्डेन जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते.

आमची वही या एप्रिलपासून सुरू होतेय. पहिलं घरटं आजोबांनी हेरून ठेवलंय, पांडे रस्त्याच्या डाव्या हाताला. जागा उंच की खोल यावरून आमचं आत्ताच वाजलंय, म्हणून मोजपट्टी घेतलीय.